प्रश्न क्रमांक सतरा

आम्ही कुणाला काही देत नाही.
हे आधी सांगायचं, दोन्ही भाषांत,
मग सही घ्यायची, नाहीतर अंगठा.
जांबोटीच्या बाजूला शेणावर जे उगवतं
ते आपापलं खाणारे आहेतच;
आम्ही फक्त विचारतो.
खायच्या आधी, दुसऱ्या दिवशी,
आणि चार आठवड्यांनी पुन्हा.

हिरेगौडर मॅडमचं म्हणणं,
दवाखान्याच्या पांढऱ्या खोलीत माणूस
खोलीला शोभेल असंच उत्तर देतो.
इथं कुत्रं भुंकतं,
ऐन वेळी कुणाच्या तरी आईचा फोन येतो,
इथलं मोजायचं.
म्हणून मी खानापूर स्टँडवर उतरते,
वडापच्या मागच्या सीटवर बसते,
मांडीवर फॉर्म, फॉर्मांवर कुणाचीतरी कोंबडी.

अडतं ते सतराव्या प्रश्नाशी.
'तुमच्या आणि जगाच्या मधली सीमा
पुसली गेल्यासारखं वाटलं का? शून्य ते पाच.'
हे माझं मराठी.
हॉस्टेलची पोरं खो खो हसली:
सीमा? कोर्टात हाय की मॅडम अजून.
मॅडमनी कन्नडमध्ये 'गडी' घातलं.
कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा,
आमच्याकडं गडी म्हणजे राबणारा माणूस.
तो पुसला गेल्यासारखं वाटलं का,
असं वाचलं तर
निम्मा जिल्हा पाच म्हणेल.

'हद्द' करून बघितलं, 'काठ' करून बघितलं.
शेवटी सीमाच ठेवली.

उमाकांत कंग्राळकर, वय बावीस.
कणकुंबीच्या माळावर रात्रभर
मित्राची चप्पल छातीशी धरून बसला.
दुसऱ्या दिवशी सगळीकडं पाच:
भीती पाच, आनंद पाच, सीमा पाच.
चार आठवड्यांनी आकडे उतरले, दोन, एक, दोन.
मी पिशवी आवरत होते तेव्हा म्हणाला,
आता लाईट लावून झोपतो मी.
त्याला रकाना नव्हता.
मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
बारीक अक्षरात, पेन्सिलीनं,
चोरी केल्यासारखं.

आणि सातेरी गुरव. वय अंदाजे साठ.
तो मुद्दाम खाणाऱ्यातला नव्हेच,
अळंबी म्हणून कालवणात पडलेलं.
नियमानं त्याला घ्यायला नको होतं.
'म्हस बघत हुती माझ्याकडं,' तो म्हणाला,
'ते रोजचंच की.
मग मी बघायलालो. म्हशीकडनं.
हितं एक म्हातारा बसलाय,
इडी इजलीया, त्याला पत्त्या न्हाई.
वाईट वाटलं बगा त्याचं.'

किती वाटलं? शून्य ते पाच?

'म्हशीला इचारा.'

मी हसले. तो हसला नाही.
गोठ्यात चंद्री रवंथ करत होती,
तिच्या डोळ्यात मी दिसत होते,
वाकडी, पिशवीसकट.
तुम्ही कधी खाल्लंय काय, त्यानं विचारलं.
सहायकांना परवानगी नाही, मी म्हटलं.
खरं म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं कधी.

चार आठवड्यांनी गेले तर दावं रिकामं.
शनिवारच्या बाजारात चंद्री विकलेली,
घेणारा घाटाखालचा, गोव्याकडचा.
सातेरीनं फॉर्म स्वतः मागून घेतला,
पेन दोनदा झटकलं,
सतराव्यापाशी बराच वेळ थांबला
आणि खूण केली
तीन आणि चार यांच्या मधल्या रेघेवर.

रकान्यात करा की मामा.
'रकान्यात न्हवतंच ते.'

संध्याकाळी बेळगावात कॉम्प्युटरपुढं बसले.
मशीन रेघ घेत नाही.
तीन घालू की चार?
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
गहाळ म्हणून भर.

गहाळचा आकडा नव्व्याण्णव.
मी भरला.
खाली दुसऱ्या रकान्यात उमाकांतचे दोन, एक, दोन,
आणि पिशवीत त्याचा कागद, पालथा.